पंचेचाळीसची सवलत, हातात तीन

मॅनेजरने कोटेशनचा कागद आमच्या बाजूला सरकवला. त्यावर सवलतीच्या रकान्यात १५ खोडून ४५ लिहिलं होतं. आकड्याभोवती पेनाने गोलही केला होता, म्हणजे नजर तिथेच जावी. बहिणीची नजर गेलीही. पण तिला कागद वरून खालपर्यंत वाचायची सवय आहे. तळाशी आमच्या जुन्या गाडीची किंमत होती. पहिल्या कोटेशनमध्ये ती २०५ होती, आता १७८ झाली होती. तीस वाढवले, सत्तावीस काढून घेतले. गोल केलेल्या आकड्यातून आमच्या पदरात पडले तीन.

त्या कागदामुळेच हे प्रकरण लिहायला घेतलं. नवी गाडी घेताना आपण किमतीवर घासाघीस करतो असं आपल्याला वाटतं. समोरचा मात्र एकाच वेळी चार खिशांत हात घालून बसलेला असतो: नवी गाडी, जुनी गाडी, कर्ज, आणि विमा-ॲक्सेसरीजसारख्या वरच्या गोष्टी. एका खिशातून काढायचं, दुसऱ्यात टाकायचं. आम्ही यातले तीन खिसे वेळेत ओळखले. चौथ्यात फसलो, ते पुढे येईलच.

आकड्यांचा खुलासा आधी करतो. गाडीची छापील किंमत १,००० धरली आहे आणि बाकी सगळं त्याच मापात मांडलं आहे. खरी रक्कम गाडीगणिक बदलते. प्रमाण समजलं की कोणालाही आपल्या कोटेशनवर ते बसवून बघता येतं.

पहिली भेट

खरेदीदार माझी धाकटी बहीण. पैसे तिचे, कर्ज तिच्या नावावर, मॉडेल आणि व्हेरिएंट तिने ठरवलेलं. मी सोबत होतो तो वही धरायला. तरी सेल्समन गाडीचा रंग तिला दाखवायचा आणि किंमत मला सांगायचा. "मॅडमना गाडी आवडलेली दिसतेय, सर. बजेट काय ठरवलंय आपण?" दोन वेळा तिने उत्तर दिलं, तिसऱ्या वेळी मी खुर्ची मागे सरकवून वहीत डोकं घातलं.

ही नुसती मानापमानाची गोष्ट नाही. शिकागोमध्ये इयन आयर्स आणि पीटर सीगलमन या संशोधकांनी नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये माणसं पाठवून पाहणी केली होती: एकाच शोरूमला वेगवेगळी दोन माणसं, अशा ३०० हून अधिक जोड्या. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांना बोलायचं काय, भाव कसा मागायचा हे एकसारखं शिकवलेलं होतं. तरीही गोऱ्या पुरुषांना सांगितलेली किंमत सर्वांत कमी होती. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना जास्त सांगितली गेली. समोरच्याला बाजारभाव माहीत नसणार, हा अंदाज चेहरा पाहून बांधला जातो आणि पहिला आकडा त्यावर ठरतो. त्यामुळे बहिणीने पुढे जे केलं, म्हणजे चेहरा न दाखवता भाव मागवले, त्याला अर्थ होता.

त्याआधी आमच्या चुका. दोन्ही बोलण्याच्या भरात झाल्या. सध्या कुठली गाडी वापरता, असं सेल्समनने सहज विचारलं. "तिचं नाव काढू नका, महिन्यातून एकदा गॅरेजमध्ये असतेच," असं बहीण हसत म्हणाली. एका वाक्यात जुन्या गाडीची किंमतही पाडली आणि आपल्याला घाई आहे हेही सांगून टाकलं. टेस्ट ड्राइव्हवरून परतताना दुसरी चूक: "रंग मात्र हाच हवा हं." मी काही बोललो नाही, कारण माझ्याही लक्षात हे घरी आल्यावर आलं.

मिळालेलं कोटेशन असं होतं:

गाडी १,०००
कर आणि नोंदणी ११०
विमा ४२
ॲक्सेसरीज पॅक २४
वाढीव वॉरंटी १४
हँडलिंग चार्ज ९
वजा सवलत १५
वजा जुनी गाडी २०५
देय ९७९

त्याने हे आधी एका चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं होतं. बहिणीने छापील कोटेशन मागितलं तेव्हा "बुकिंग केल्यावर देतो" असं उत्तर आलं. ती पर्स उचलून उभी राहिली आणि प्रिंटर चालू झाला.

मधले चार दिवस

या चार दिवसांत आम्ही कोणाशीही भांडलो नाही. तरी हिशोबाचा मोठा भाग इथेच जमला.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या दोन शोरूमना बहिणीने मेल केला: मॉडेल, व्हेरिएंट, रंग अमुक, जुनी गाडी द्यायची नाही, कर्ज नको, नुसत्या गाडीवर किती सोडाल ते लिहून कळवा. एकाने ३८ कळवले. दुसऱ्याने ३०, तेही दुसऱ्या रंगात. ऑनलाइन भाव मागवणाऱ्यांना गाडी स्वस्त पडते का, याचा अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. एका ऑनलाइन सेवेतून गेलेल्या ग्राहकांनी सरासरी दोनेक टक्के कमी मोजले होते. आमच्या मापात वीस. मेल लिहायला तिला दहा मिनिटं लागली असतील.

जुनी गाडी धुऊन, सर्व्हिसच्या पावत्या एका फाइलमध्ये लावून तिने वापरलेल्या गाड्या घेणाऱ्या दोघांना दाखवली. २३८ आणि २३१. शोरूमने २०५ सांगितले होते. नव्या गाडीच्या घाईत असलेला माणूस जुनीचा भाव बाहेर विचारायला जात नाही, हे शोरूमला पक्कं ठाऊक असतं. तेवढीच संरक्षणं असलेला विमा परस्पर ३१ ला मिळत होता.

कर्जाचा भाग मला सर्वांत आवडला, कारण तो हिशोबाचा होता. कर्ज हवं होतं ७०० चं. बँक म्हणत होती ९ टक्के, पाच वर्षं. शोरूममधला फायनान्सवाला म्हणाला होता, "आमच्याकडे साडेपाच टक्के." ऐकायला सोपं आहे, नऊ मोठे आणि साडेपाच लहान. पण बँकेचं व्याज घटत्या शिल्लकीवर होतं आणि शोरूमचं फ्लॅट. फ्लॅटमध्ये पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज लागतं, मग तुम्ही अर्धं मुद्दल फेडलेलं का असेना. ७०० वर साडेपाच टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज १९२.५, हप्ता सुमारे १४.८८. बँकेच्या नऊ टक्क्यांचा हप्ता १४.५३ आणि एकूण व्याज १७२ च्या आसपास. म्हणजे ते साडेपाच टक्के घटत्या शिल्लकीच्या भाषेत जवळजवळ दहा टक्के होते.

फायनान्सवाल्याने आणखी एक प्रश्न विचारला होता: "महिन्याला किती हप्ता झेपेल?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर देऊ नये. दिलंत की पुढची सगळी बोलणी त्या हप्त्यावर जातात आणि एकूण किंमत टेबलावरून नाहीशी होते. तेच फ्लॅट कर्ज सात वर्षांवर नेलं तर हप्ता ११.५४ वर येतो, महिन्याला तीन वाचल्यासारखे वाटतात. व्याज मात्र २६९.५ होतं. बँकेच्या कर्जापेक्षा ९७ हून जास्त, म्हणजे गाडीच्या किमतीचा जवळपास दहावा भाग. एवढी सवलत गाडीवर मागितली असती तर मॅनेजरने आम्हाला दारापर्यंत पोचवलं असतं.

दुसरी भेट

तिमाही संपायला सहा दिवस होते. हे आम्ही ठरवून केलं. शोरूमला गाडी कंपनीकडून ज्या भावाने मिळते आणि छापील किंमत असते, त्यांतलं अंतर फार मोठं नसतं. त्यावर महिन्याचं, तिमाहीचं टार्गेट गाठलं तर कंपनी बोनस देते, आणि तो कधीकधी विकलेल्या सगळ्याच गाड्यांवर लागू होतो. टार्गेटला दोन-तीन गाड्या कमी पडत असतील तर एखादी गाडी जवळजवळ नफ्याविना विकणंही शोरूमला परवडतं. टार्गेट आधीच झालं असेल तर याच तारखेला कोणी हिंग लावून विचारत नाही. आतलं काय ते आपल्याला दिसत नाही. महिनाअखेर ही हुकमी किल्ली नव्हे, थोडी जास्त शक्यता इतकंच.

"किती केलं तर आज बुकिंग कराल?" सेल्समनने विचारलं. या वेळी बहिणीला विचारलं, ही प्रगती.

इथे मतं दोन आहेत. एक म्हणतं, पहिला आकडा समोरच्याला बोलू द्यावा. दुसरं म्हणतं, पहिला आपण बोलावा, कारण बोलणी त्याच्याभोवती फिरतात. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ मध्ये छापून आलेला प्रयोग या दुसऱ्या मताच्या बाजूने सांगतात. फिरवायचं चाक मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलं होतं. मग लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के? चाकावर १० आलेल्यांचं मधलं उत्तर २५, ६५ आलेल्यांचं ४५. चाकाचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता.

माझ्या मते नव्या गाडीच्या बाबतीत हा वाद थोडा पोकळ आहे, कारण पहिला आकडा आधीच बोलला गेलेला असतो. तो म्हणजे छापील किंमत. गंमत अशी की छापील किंमत ग्राहकाच्या रक्षणासाठी आली. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशील लावणं बंधनकारक झालं. सिनेटर माईक मोन्रोनी यांनी तो कायदा आणला, म्हणून त्या कागदाला तिथे आजही त्यांच्या नावाने ओळखतात. त्याआधी विक्रेता तोंडाला येईल तो भाव सांगायचा. कागदाने ते थांबवलं, आणि त्याच कागदाने 'इतक्यावरून किती कमी' एवढाच प्रश्न ग्राहकाच्या डोक्यात रुजवला. 'ही गाडी मला एकूण कितीला पडेल' हा प्रश्न मागे पडला.

बहिणीने ६० म्हटलं. सेल्समन हसला नाही, कळवळला. "मॅडम, माझा पगार निघणार नाही." मग ते ठरलेलं वाक्य: साहेबांना विचारून येतो. वीस मिनिटं. या वीस मिनिटांत आत काय होतं हे मला माहीत नाही, पण बाहेर काय होतं ते माहीत आहे. माणूस गाडीकडे बघत बसतो, दार उघडून स्टिअरिंगवर हात ठेवतो आणि मनात गाडी घेऊन टाकतो. आम्ही रस्त्यावर फेरी मारून आलो.

परत आल्यावर सेल्समनऐवजी मॅनेजर बसले होते आणि टेबलावर तो गोल केलेला ४५ होता.

बहीण रागावली नाही, यालाच मी सगळ्यात जास्त गुण देईन. तिने कागदावर दोन्ही बेरजा लिहिल्या: आधी १५ अधिक २०५, म्हणजे २२०, आता ४५ अधिक १७८, म्हणजे २२३. "तीन वाढले. बरोबर ना?" मॅनेजरने इन्स्पेक्शन, टायर, इंजिनचा आवाज असं बरंच सांगितलं. आमचीच पहिल्या दिवसाची गॅरेजची गोष्ट आम्हाला ऐकवली. ती म्हणाली, "मग जुनी गाडी राहू द्या. ती मी तुम्हाला देतच नाही. नुसत्या नव्या गाडीचं बोला."

खिसे वेगळे केले की खरे भाव दिसायला लागतात, आणि ते नेहमीच आपल्या सोयीचे नसतात. मॅनेजर म्हणाले, ४५ मधले १० एक्स्चेंज बोनसचे आहेत, जुनी गाडी दिली तरच कंपनीकडून येतात. हे त्यांचं खरं होतं. कंपनीच्या साइटवर तसं छापलेलं होतं. म्हणजे उरले ३५. दुसऱ्या शोरूमच्या मेलपेक्षा तीन कमीच. तिने मेल दाखवला. त्यांनी तो वाचला, त्या शोरूमची सर्व्हिस किती वाईट आहे ते सांगितलं आणि ४० म्हणाले.

मग एकेक ओळ निघत गेली. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपण्याआधी कधीही घेता येत होती, काढली. ॲक्सेसरीज पॅकमध्ये पडदे, सुगंधी बाटली, दाराच्या पट्ट्या. त्यातले मॅट आणि मडफ्लॅप ठेवले, ५. हँडलिंग चार्ज म्हणजे काय, हे तिने अगदी कुतूहलाने विचारलं. गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च. "म्हणजे तुमचा माल तुमच्या दुकानात आणण्याचा?" ते ९ गेले. विम्यावर मात्र मॅनेजर अडून बसले: विमा बाहेरून घेतलात तर ही सवलत नाही. विम्यावर त्यांना कमिशन असतं, त्यामुळे ही अट समजण्यासारखी होती. इथे तिने ताणलं नाही. बाहेरचं ३१ चं कोटेशन पुढे केलं. ते ४२ वरून ३३ वर आले, आणि सवलत एकाने वाढवून ४१ केली. दोनाचा फरक तिने सोडून दिला. मी असतो तर त्या दोनासाठी अर्धा तास घालवला असता आणि बाकीचंही बिघडवलं असतं.

ठरलेली एकूण रक्कम १,१०७. टोकन देण्याआधी तिने सगळ्या ओळी एका कागदावर लिहून सही-शिक्का मागितला. मॅनेजरना ते अपमानास्पद वाटलं असावं. केलं मात्र.

कागदानंतर

तीन दिवसांनी पक्क्या बिलाचा मसुदा आला. त्यात हँडलिंग चार्ज ९ परत हजर. 'सिस्टिममधून आपोआप येतो' असं कारण. सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो पाठवल्यावर सिस्टिमने तो आपोआप काढलाही.

पुढची गोष्ट मला अजून पुरती उलगडलेली नाही. पैसे भरण्याआधी गाडी बघायला गेलो तेव्हा चासी क्रमांकाची प्लेट आणि निर्मितीचा महिना तपासला. गाडी नऊ महिन्यांपूर्वी तयार झालेली होती. इतके दिवस उभ्या गाडीची बॅटरी आणि टायर हा एक प्रश्न, आणि पुढे विकताना एक वर्ष जुनी धरली जाणार हा दुसरा. मॅनेजर ४० वर इतक्या लवकर का आले होते, त्याचं उत्तर कदाचित इथे होतं. आमच्या लाडक्या कागदावर निर्मितीचा महिना नव्हता, कारण तो लिहून घ्यायला आम्हीच विसरलो होतो. म्हणजे ताजी गाडी मागायला कागद नाही. पण हा भाव जुन्या स्टॉकचा आहे असंही त्या कागदावर कुठे म्हटलेलं नव्हतं. दोघेही एकाच कागदाकडे बोट दाखवत बसलो. शेवटी तिमाहीचे उरलेले दिवस आमच्या बाजूने बोलले. दुसऱ्या गावच्या डीलरशी अदलाबदल करून दोन महिन्यांपूर्वीची गाडी तिसऱ्या दिवशी आली, त्याच भावात.

जुनी गाडी बाहेर २३३ ला गेली. २३८ म्हणणाऱ्याने क्लचकडे बोट दाखवून पाच कापले, आणि ते रास्त होतं.

आता चौथा खिसा. डिलिव्हरीच्या दिवशी सह्या करायला एका छोट्या खोलीत बसवतात. भाव ठरलेला, गाडी बाहेर धुऊन उभी, माणूस खुशीत आणि थकलेला. तिथल्या मुलीने रंगावरच्या कोटिंगचे दोन पत्रे दाखवले, एक चमकणारा, एक मळका. १२. बहीण "करून टाका" म्हणाली. मी टेबलाखालून पाय मारला, तो टेबलाला लागला. तेच काम बाहेर निम्म्यात झालं असतं का, हे त्या क्षणी आम्ही दोघांनीही शोधलेलं नव्हतं, आणि चार दिवसांच्या अभ्यासानंतर हे व्हावं याची मला अजून चुटपुट आहे. "दादा, दीड आठवडा भांडतेय मी," ती नंतर म्हणाली, "तिथे मला फक्त किल्ली हवी होती." ती खोली त्यासाठीच शेवटी असते.

हिशोब असा बसला. एकूण १,११९, वजा जुनी गाडी २३३, म्हणजे ८८६. पहिल्या कोटेशनचे ९७९. फरक ९३. पण ९३ वाचवले असं म्हणणं ही स्वतःची फसवणूक होईल, कारण त्यात न घेतलेल्या वस्तूही आहेत. वॉरंटी आणि ॲक्सेसरीज मिळून ३३ घेतलेच नाहीत आणि कोटिंगचे १२ नव्याने दिले. तीच वस्तू स्वस्त मिळाली असं ज्याला म्हणता येईल ते ७२: गाडीवर २६, जुन्या गाडीवर २८, विम्यावर ९, हँडलिंगचे ९. ज्या आकड्यासाठी शोरूममध्ये दोन तास बसलो तो २६ चा. जुनी गाडी धुऊन दोन ठिकाणी नेली, ते काम २८ चं. आणि कर्ज बँकेकडून घेतल्यामुळे व्याजात वीसेक वाचले, ते तर या हिशोबात धरलेलेच नाहीत.

आठवड्याने सेल्समनचा फोन आला. कंपनीकडून समाधानाची चौकशी होईल, मॅडमनी दहापैकी दहा द्यावेत, आठ-नऊ दिले तरी आमचे गुण जातात. या गुणांवर शोरूमचे पैसे अडकलेले असतात, त्यामुळे त्याचा आवाज खराच काकुळतीचा होता. बहिणीने कोटिंगचं वॉरंटी कार्ड तीनदा मागितलं होतं आणि तीनदा 'उद्या' ऐकलं होतं.

"दहा देते की," ती म्हणाली. "कार्ड आलं की लगेच."

संध्याकाळी सहाला तो मुलगा कार्ड घेऊन दारात उभा होता.